कृष्णाबाईच्या उत्सवात बासरी

वाईत थंडी सरत आली की कृष्णाबाईचे मांडव पडायला लागतात. कृष्णा नदीलाच आम्ही कृष्णाबाई म्हणतो. तिचा उत्सव एका जागी, एकदाच होऊन संपत नाही. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, रामडोह, गंगापुरी, ब्राह्मणशाही अशा सात आळ्या आपापल्या घाटावर पाळीपाळीनं तो करतात. मांडवात देवी बसते, बायका ओटी भरायला येतात, कीर्तन-प्रवचनं होतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात आणि रात्री गाणं-बजावणं असतं. १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ वाईला पडला होता. त्या धामधुमीत संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव चालत आला, अशी कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात.

मी बासरी वाजवते. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी घरी मुलांना शिकवणं आणि पहाटे स्वतःचा रियाझ. साताऱ्या-पुण्याकडच्या छोट्या बैठकींत आणि सभागृहांत वाजवलेलं होतं, पण स्वतःच्या गावात, घाटावर, उघड्या हवेत पूर्ण कार्यक्रम यंदा पहिल्यांदा झाला. बासरी शिकणाऱ्या मुलांना आणि उत्सव करणाऱ्या मंडळींना त्यातल्या काही गोष्टी उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे उत्सवात बाहेरून मोठे कलाकार येतात आणि ते यायलाच हवेत. लहानपणी जे चांगलं गाणं कानावर पडलं, ते बहुतेक याच मांडवांत, आईच्या मांडीला टेकून ऐकलेलं आहे. पण गावातल्या वाजवणाऱ्याची जागा सगळीकडेच ठरून गेलेली असते: पाहुण्यांची गाडी येईपर्यंतचा वेळ. लोक चपला कुठे काढायच्या ते बघत असतात, पोरं सतरंजीवर कोलांट्या मारत असतात आणि तेवढ्यात कुणीतरी दोन गाणी वाजवून घेतं. त्यामुळे गणपती आळीतले एक ज्येष्ठ काका घरी आले आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "यंदा एक रात्र तू घे. कीर्तन झालं की पुढचा सगळा वेळ तुझा," तेव्हा मला फार बरं वाटलं. दोन घटका काही बोलता आलं नाही.

मग मी आधी वेळ विचारली.

"काका, कीर्तन संपणार कधी?"

"सव्वाआठ धर. बुवा रंगले तर साडेआठ."

"आणि दहाला स्पीकर बंद."

"दहाला म्हणजे दहाला. परवानगीच तशी आहे."

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस एकूण १५ च आणि ते कुठल्या सणांना द्यायचे हे सरकार ठरवतं. म्हणजे आरती आणि मांडामांड वजा जाता माझ्या हातात सव्वा ते दीड तास होता आणि सगळी आखणी त्या हिशेबानं करायची होती. मला हा नियम मनापासून पटतो. घाटाला लागून घरं आहेत, त्यांत म्हातारी माणसं आहेत, दहावीची पोरं आहेत.

दुसरं बोलणं बिदागीचं. हे विषय आपल्याकडे चाचरत काढले जातात आणि मग कार्यक्रमानंतर मनं कडू होतात. मी काकांना तिथंच सांगितलं की माझं वाजवणं ही देवीची सेवा, मला नारळ पुरे. पण तबलजी साताऱ्याहून येणार, तबला हेच त्यांचं पोट, त्यांची बिदागी आणि प्रवासखर्च आधी ठरला पाहिजे आणि कार्यक्रमाच्या रात्रीच हातात पडला पाहिजे. काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि ते पाळलंही गेलं. सेवा ज्यानं त्यानं स्वतःपुरती जाहीर करावी, साथीदाराच्या वतीनं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता वाजवायचं काय? सभागृहात चार भिंती सूर धरून ठेवतात. घाटावर सूर निघाला की गेला, पाण्यावरून पार पलीकडे. त्यामुळे फार बारीक कलाकुसर तिथं विरून जाते. मला असा राग हवा होता ज्यात स्वर थोडे, अंतरं मोकळी आणि एकेका स्वरावर थांबायला जागा. वेळ रात्रीचा पहिला प्रहर. भूप मनात आला आणि तोच पक्का झाला. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. शिवाय भूपाचं वळण आपल्या कानात पाळण्यापासून मुरलेलं आहे. राग ओळखता येत नाही अशा माणसालाही तो परका वाटत नाही. त्यात सात मात्रांच्या रूपकातली मध्य लय, मग सोळा मात्रांच्या तीनतालात द्रुत, म्हणजे जलद लय. पुढे पेटीच्या साथीनं दोन अभंग, एक नाट्यपद, वेळ उरला तर पहाडी धून आणि शेवटी भैरवी. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला भाग, मी मुद्दाम ठेवला नाही. उघड्यावर बसलेल्या, अर्ध्या तासापूर्वी टाळ्या वाजवत कीर्तन ऐकलेल्या श्रोत्याला एकदम विलंबितात नेणं मला त्याच्यावर लादल्यासारखं वाटतं.

खरा प्रश्न थंडीचा होता आणि त्यानं मला बरंच शिकवलं.

बासरीचा सूर आतल्या हवेवर ठरतो. हवा गार झाली की तिच्यातून आवाज सावकाश जातो. दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं वेग कमी होतो. वेग उतरला की सूरही उतरतो. हवा दहा अंशांनी गार झाली तर बासरी साधारण ३० सेंट खाली येते. षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचं अंतर १०० सेंट धरतात, म्हणजे जवळजवळ त्याचा तिसरा हिस्सा. कान तयार नसलेल्यालाही एवढा फरक खुपतो. आपल्या फुंकेनं आतली हवा तापत राहते, म्हणून प्रत्यक्षात इतकी घसरण होत नाही, पण गप्पांमध्ये किंवा निवेदनात बासरी दहा मिनिटं मांडीवर पडून राहिली की ती पुन्हा गार. वाजवायला घेतली की उतरलेली असते आणि वाजवता वाजवता चढत जाते.

पेटीचं उलट. तिचे पितळी रीड थंडीत जवळजवळ जागचे हलत नाहीत, हललेच तर केसभर वर जातात. आणि तबला दवाला भितो. त्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल ओढते, सैल पडते आणि सूर खाली. म्हणजे एकाच मंचावर तीन वाद्यं आणि तिघांच्या तीन तऱ्हा. गाणारा असता तर त्यानं गळ्यानं जुळवून घेतलं असतं. बासरीला छिद्रं पाडून झालेली असतात. फुंकेचं छिद्र ओठापासून थोडं बाहेर वळवलं तर सूर जरा चढतो, आत वळवलं तर उतरतो, पण बाहेर वळवून फार वेळ वाजवलं की आवाजातला गाभा जातो आणि नुसती हवा ऐकू येते.

म्हणून कार्यक्रमाच्या आधी काही रात्री मी घाटावर जाऊन बसले. साडेआठची वेळ, बरोबर माझी एक विद्यार्थिनी, शालीत गुंडाळलेल्या बासऱ्या आणि मोबाइलवर सूर मोजायचं अॅप. पारा १४-१५ अंशांवर असायचा. मी पांढरी तीनची, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी षड्ज धरणारी, बासरी वाजवते, तीस इंचांच्या आसपास लांबीची. घरात ती तंबोऱ्याशी चोख लागते. घाटावर काढल्या काढल्या काटा चांगलाच डावीकडे गेला. दहाबारा मिनिटं वाजवल्यावर तो वर सरकला आणि एका जागी स्थिरावला, पण घरच्या सुरापेक्षा खालीच. तिथं मला हवी ती गोष्ट कळली: घाटावरच्या थंडीत ही बासरी किती खाली येऊन थांबते.

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मग बासरीला ओढू नकोस. तंबोरा बासरीकडे आण." इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात सूर बारीक वर-खाली करता येतो. तापलेल्या बासरीशी तंबोरा लावायचा, तंबोऱ्याशी तबला लावायचा आणि रागाच्या वेळी पेटी घ्यायचीच नाही. हे झालं भूपाचं.

पण अभंगाला पेटी नसेल तर आमच्याकडे अभंग वाटतच नाही. त्यासाठी मी त्याच पट्टीची जरा चढी बासरी काढली. पुण्यातल्या एका कारागिरांकडून मी ती पूर्वी करून घेतली होती. नेहमीच्या बासरीपेक्षा ती साधारण एक सेंटिमीटरनं आखूड आहे. पुष्कळांना वाटतं की बासरी टोकाकडून थोडी कापली की झालं. तसं केलं तर एकच स्वर चढतो आणि बाकीचे जागच्या जागी राहून सगळं सप्तक वेडंवाकडं होतं. छिद्रंही त्याच प्रमाणात वर सरकवून पाडावी लागतात, म्हणजे नवी नळीच घडवावी लागते. घाटावरच्या थंडीत ही चढी बासरी पेटीच्या पांढरी तीनला बरोबर येऊन मिळाली. पेटीवाले काका, म्हणजे आमच्या आळीतले जुने भजनी, पेटी घेऊन एका रात्री घाटावर आले होते. दोन्ही बासऱ्या त्यांनी डोळे मिटून ऐकल्या आणि दुसरीला म्हणाले, "ही. हिच्याबरोबर मी कितीही वेळ बसेन."

त्याच रात्रींत वाऱ्याचाही अंदाज आला. अंधार पडला की धोम धरणाच्या बाजूनं, नदीच्या अंगानं गार वारं वाहत येतं. अंगाला ते सुखाचं वाटतं, पण बासरीची फुंकर म्हणजे ओठ आणि छिद्राची कड यांच्यामधली हवेची पातळ पट्टी. वाऱ्याची झुळूक तिच्यावरून गेली की स्वर मध्येच तुटतो, जोर लावला तरी परत येत नाही. सनईवाल्याला हा त्रास नाही, कारण त्याची पत्ती तोंडात असते. मी मंडळातल्या पोरांना सांगितलं की मंचाला नदीच्या वरच्या अंगाला कनात लागेल. एक जण म्हणाला, "ताई, कनात लावली तर त्या बाजूच्या लोकांना दिसणार काय?" तेही खरं होतं. शेवटी बैठकीच्या मापानं, म्हणजे मी बसल्यावर माझ्या डोक्यापर्यंत येईल एवढीच उंच कनात बांधायची आणि ती मंचाच्या मागच्या कोपऱ्याकडून तिरकी घ्यायची, असं ठरलं. पोरांनी बांबू रोवून, जाड सतरंजी दुहेरी करून ती इतकी पक्की बांधली की वारं आडून गेलं आणि समोरच्याला मी दिसतही राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि चार वाजता घाटावर गेले. दिवसा घाट वेगळाच दिसतो. पायऱ्यांवर धुण्याचे पिळे, काठाला शेवाळ, वर ढोल्या गणपतीचं देऊळ. हे देऊळ १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, पूर आला की पाणी दोन्ही अंगांना फुटून जावं म्हणून. लहानपणापासून ती भिंत बघते आहे. ज्यांनी ती बांधली त्यांनी नदी आधी नीट पाहिली होती, हे दर वेळी जाणवतं.

साउंडवाला मुलगा तरुण होता, लग्नाच्या वरातींना आणि सभांना आवाज देणारा. त्यानं माइक सरळ माझ्या ओठांसमोर लावला, कारण गाणाऱ्याला तसाच लावतात. बासरीला तसा लावला तर स्वराआधी फुंकर ऐकू येते. मी त्याला माइक थोडा वर घ्यायला सांगितला, फुंकेच्या छिद्राच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या मधोमध रोखून, वीतभर अंतरावर, वरून स्पंजाची टोपी घालून. त्यानं एकदा ऐकलं, स्वतःच दोन बोटं मागं घेतलं आणि म्हणाला, "आता बासरी आली." त्या पोराचा कान चांगला होता, फक्त आजवर त्याला बासरी कुणी दिली नव्हती.

मोठी अडचण पडसादाची होती. स्पीकरची तोंडं सरळ पलीकडच्या काठाकडे होती. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा काठ ५० मीटरवर धरला तरी जाऊन परत यायला त्याला तीन दशांश सेकंद लागतात. आलापात हे चालून जातं, गोडही लागतं. पण द्रुत तीनतालात तबल्याचा बोल मागाहून पुन्हा ऐकू आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठली धरायची ते कळेनासं होतं. स्पीकर खाली घेतले, तोंडं पायऱ्यांवर बसणाऱ्या लोकांकडे वळवली आणि आवाज बराच कमी केला. मंडळातल्या एकाला वाटलं, मागच्यांना ऐकू येणार नाही. मी त्याला शेवटच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि विद्यार्थिनीला वाजवायला सांगितलं. ऐकून तो काही न बोलता खुर्च्या मांडायला गेला.

तबलजी सहाला आले. त्यांनी तबल्याची पुडी आधी हातानं चाचपली आणि तबला पिशवीसकट मंचामागच्या दिव्याजवळ, ऊब लागेल एवढ्या अंतरावर ठेवला. बदली म्हणून दुसरा तबलाही आणला होता. "दव पडलं की वादीखालचे लाकडी गठ्ठे कितीही ठोका, अर्ध्या तासात परत उतरतो," म्हणाले. "मी मधल्या अभंगाच्या वेळी तबला बदलीन, तुम्ही तेवढं दोन वाक्यं बोला." अशी माणसं साथीला असली की निम्मं ओझं उतरतं.

कीर्तन साडेआठला संपलं. आरती झाली, बुक्का लावला गेला, बुवांच्या पाया पडायला रांग लागली. तेवढ्या वेळात मी मांडवामागं उभी राहून फुंकेचं छिद्र ओठांनी झाकून बासरीत नुसता ऊन श्वास सोडत होते, आवाज न करता. बोटंही त्याच श्वासावर शेकून घेतली. निवेदकाला आधीच सांगून ठेवलं होतं की ओळख छोटी करा, बासरी गार होते.

बसले, नमस्कार केला, तंबोरा बासरीशी लावला. तबलजींनी हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, चार ठोके मारून घर न् घर मिळवलं. मी षड्ज लावला आणि खाली मंद्र पंचमावर गेले. बासरीत हा सगळ्यांत खालचा स्वर. सहाही छिद्रं घट्ट झाकावी लागतात. एखादं बोट केसभर जरी उचललेलं असलं तरी तो लागत नाही आणि गारठलेल्या बोटांना आपण नीट टेकलोय की नाही हे कळतही नाही. तो लागला, भरून लागला, आणि मला धीर आला.

सभागृहात श्रोते आधी गप्प होतात, मग आपण सुरू करतो. घाटावर तसं नाही. मी आलाप करत होते तेव्हा डाव्या हाताला बायकांची ओटी भरण्याची रांग चालूच होती, देवळाची घंटा अधूनमधून वाजत होती, एक लहान मूल फुग्यासाठी हट्ट धरून बसलं होतं. सुरुवातीला हे सगळं कानांत येत होतं. मग मी ठरवलं की ते यायचंच, देवीच्या दारात आपण वाजवतो आहोत, ही माणसं तिच्यासाठी आली आहेत. एकदा हे मान्य केल्यावर घंटेनंतरची जागा मोकळी दिसायला लागली. गांधारावर थांबले असताना घंटा झाली, ती विरेपर्यंत थांबले आणि मग पंचमाकडे गेले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तिथं मान हलवली. ठरवून हे होत नाही, आणि बंद सभागृहात तर होणारच नाही.

रूपक चांगला जमला. द्रुतात तबलजींनी एक छोटा तुकडा वाजवून समेवर आणून सोडलं आणि पायऱ्यांवरून पहिल्यांदा टाळ्या आल्या. भूपाच्या शेवटी शेवटी बासरीत पाणी जमायला लागलं. थंडीत फुंकेची वाफ आत गारठते आणि थेंब होऊन खालच्या छिद्राशी येते; वेळीच काढलं नाही तर तार सप्तकात स्वर फाटतो. शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, संपताच बासरी उभी धरून झटकली आणि शालीत गुंडाळून ठेवली.

चढी बासरी घेतली, पेटीवाले काका शेजारी येऊन बसले. पहिला अभंग उचलल्याबरोबर मांडवाचा नूर बदलला. कीर्तनातले टाळकरी गेले नव्हते. त्यांनी टाळ काढले, मला विचारलंही नाही, आणि मला ते फार आवडलं. बासरीच्या कार्यक्रमात टाळ चालतील का, असं कुणी आधी विचारलं असतं तर मी कदाचित विचारात पडले असते. त्या क्षणी मात्र टाळांशिवाय तो अभंग अपुराच राहिला असता. लोक गायला लागले, मी धृपद त्यांच्याकडे सोडून मधल्या जागा तेवढ्या भरत राहिले. पेटी आणि बासरी एका सुरात होत्या. त्यासाठी घाटावर घालवलेल्या त्या गार रात्रींचं तिथं पुरेपूर चीज झालं.

अभंगांच्या मध्ये तबला बदलला गेला. मी दोन वाक्यं बोलत होते तेवढ्यात ओटी भरून मांडवाच्या कडेला टेकलेल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "बाळ, जात्यावरची ओवी येती का गं तुझ्या बासरीला?" नऊवारी, मांडीत नारळ आणि खणाची घडी, वय ऐंशीच्या पुढं असावं. आजूबाजूच्या बायका हसल्या, पण आजी खरंच विचारत होत्या.

ओवी यादीत नव्हती. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेली चाल तेवढी मनात होती. तिला ताल असा नाहीच. जात्याच्या फेऱ्याबरोबर ती पुढं सरकते, ओळीच्या शेवटी श्वास लांबतो आणि पुन्हा पहिल्या जागी येते, तीन-चार स्वरांत. मी पांढरी पाचची छोटी बासरी घेतली, तबलजींना हातानं थांबवलं, पेटीलाही. पहिली ओळ वाजवली तेव्हा आजींनी ओठ हलवले. दुसऱ्या ओळीला त्यांनी शब्द घातले, त्यांचे स्वतःचे, भावाला उद्देशून. मी वाजवणं बारीक केलं. शेजारच्या दोघीतिघी त्यांच्याबरोबर गायला लागल्या, मग मागच्या बाजूच्या काही. त्यांचा सूर माझ्या बासरीपेक्षा खाली होता आणि त्यांना माझ्याकडे आणणं मला बरं वाटेना. मीच छिद्र आत वळवून, फुंकर हलकी करून जमेल तेवढी त्यांच्याकडे उतरले. राहिलेला फरक कुणालाच खुपला नाही. माझ्यासमोर ज्या मुली मोबाइलवर चित्रीकरण करत होत्या, त्यांनी मोबाइल आजींकडे वळवले. योग्यच केलं त्यांनी. मला तेव्हा आत कुठंतरी लख्ख कळलं की गावच्या उत्सवात गावच्याच माणसानं वाजवावं ते यासाठी. बाहेरच्या कलाकाराला आजींनी हे विचारलं नसतं. संकोचल्या असत्या.

ओवीनं दहा मिनिटं घेतली, म्हणून पहाडी धून सोडली. नाट्यपद छोटं केलं. भैरवी सुरू केली तेव्हा पावणेदहा झाले होते आणि दहाला काही मिनिटं असताना आम्ही थांबलो. गणपती आळीतल्या काकांनी देवीसमोर मला नारळ आणि खण दिला. तबलजींचं पाकीट त्यांनी तिथंच त्यांच्या हातात दिलं.

मागून पंगत होती. पत्रावळीवर भात-आमटी, घाटाच्या दगडावर मांडी घालून. वाढणारी पोरं सगळी माझ्या ओळखीची, काही माझ्याकडे शिकून मध्येच सोडून गेलेली. त्यांतला एक आमटीचं बादलीपात्र धरून थांबला आणि विचारलं, "ताई, परत यायला चालेल का क्लासला?" मी म्हटलं, "सोमवारी ये. बासरी आहे का अजून?" म्हणाला, "आहे, माळ्यावर." बहुतेक सुकून तडकली असेल, पण ते त्याला सांगितलं नाही, तडकली असेल तर दोरा गुंडाळून, डिंक लावून बघू, नाहीतर नवी देऊ. बासरीला अधूनमधून तेलाचं बोट लागलं पाहिजे, हे मात्र त्याला तिथंच सांगून टाकलं.

चार दिवसांनी दुसऱ्या एका आळीतले दोघे जण पतसंस्थेतच भेटायला आले. त्यांचा उत्सव पुढच्या आठवड्यात होता आणि त्यांना गावातलाच एक गायक आणि एक सतारवादक बसवायचा होता. आमच्याकडे कसं केलं ते विचारत होते. मी त्यांना कागदच घ्यायला लावला. साथीदारांची बिदागी आधी. कीर्तन आणि कार्यक्रमाच्या मध्ये भाषण नको, सत्कार असेल तर तो शेवटी. स्पीकर लोकांकडे तोंड करून, नदीकडे नको. सतारीच्या तारा थंडीत चढतात, तिला मंचावर तासभर आधी नेऊन ठेवा, म्हणजे ती त्या हवेला रुळेल, आणि जुळवायला वाद्यवाल्याला वेळ द्या. त्या वेळी निवेदकानं विनोद सांगू नयेत. कनात वाऱ्याच्या बाजूला, बैठकीएवढी. आणि कलाकाराला चहा कार्यक्रमाच्या आधी द्या, नंतर सगळेच देतात.

लिहून घेणाऱ्यानं मान वर करून विचारलं, "आणि ओवीवाल्या आजी कुठल्या आळीतल्या? त्यांना बोलवायचं आहे." मी त्यांना घर सांगितलं.